वरोऱ्याच्या बाजारात न खपलेली भाजी



चार दिवस पावसाची उघडीप नाही. वावरात पाय ठेवला की घोट्यापर्यंत जातो. डवरण थांबलंय, फवारणीही थांबली. म्हणून आजच्या नोंदीत पीक नाही, थोडा इतिहास आहे. पण आहे शेतीचाच.

हल्ली 'बागकाम उपचार' हा शब्द आपल्याकडेही ऐकू येतो. दिव्यांग माणसाला, मनाने खचलेल्या माणसाला मातीत काम करू द्या, झाडं लावू द्या, त्याला बरं वाटतं, असं सांगतात. यात खोटं काही नाही. आपण रोज अनुभवतोच की. पण ही कल्पना परदेशातून आली असं जे म्हटलं जातं, ते अर्धंच खरं आहे. आपल्या विदर्भातल्या खडकाळ माळावर हे काम ७० वर्षांपूर्वी झालंय, आणि तेही ज्यांना गावाने वेशीबाहेर काढलं होतं त्या लोकांच्या हातून. त्या कामातून जे शिकायचं ते बागकाम उपचाराच्या पुस्तकी व्याख्येत बसत नाही, म्हणून हे लिहितोय.

आधी बाहेरचं थोडक्यात

इंग्लंडमधल्या यॉर्क गावात १७९६ साली क्वेकर पंथाच्या लोकांनी मानसिक रुग्णांसाठी एक घर उघडलं. त्या काळी अशा रुग्णांना साखळदंडाने बांधून ठेवायची पद्धत होती. इथे त्यांना बाग दिली, जनावरं दिली, काम दिलं. पुढे १८१२ साली अमेरिकेतल्या बेंजामिन रश या डॉक्टरांनी आपल्या पुस्तकात नोंदवलं, की इस्पितळात जे रुग्ण लाकडं फोडणं, बागेत खणणं अशी कामं करतात ते बरे होताना दिसतात, आणि प्रतिष्ठेमुळे ज्यांना काम करावं लागत नाही ते तिथेच पडून राहतात. त्यानंतर युरोप-अमेरिकेतल्या बऱ्याच मनोरुग्णालयांना मोठमोठी शेतं जोडली गेली.

पण यात एक गोम होती. रुग्ण राबायचा, माल संस्थेचा. दूध, भाजी, धान्य संस्थेच्या स्वयंपाकघरात जायचं आणि रुग्णाच्या हातात काही पडायचं नाही. वर म्हणायचं, की हा तुझा उपचार आहे. अखेर १९७३ साली अमेरिकेतल्या एका न्यायालयाने निकाल दिला, की संस्थेसाठी काम करणाऱ्या रुग्णालाही किमान वेतनाचा कायदा लागू होतो. त्यानंतर अनेक संस्थांनी रुग्णांकडून काम घेणंच बंद केलं. मजुरी द्यायची म्हटल्यावर उपचार परवडेनासा झाला!

हे लक्षात ठेवा. कारण आता आपल्याकडचं जे सांगणार आहे, त्यात नेमकं हेच वेगळं होतं.

१८९८ चा कायदा

इंग्रजांनी १८९८ साली कुष्ठरोग्यांसाठी एक कायदा केला. निराधार कुष्ठरोगी दिसला तर पोलिसांनी त्याला पकडायचं आणि आश्रमात डांबायचं, ही त्यातली एक बाजू. दुसरी बाजू आपल्यासारख्यांनी नीट वाचावी अशी आहे. ज्या भागात सरकार अधिसूचना काढेल, तिथे कुष्ठरोग्याला खाण्यापिण्याची कोणतीही वस्तू स्वतः विक्रीसाठी तयार करायला किंवा विकायला मनाई करता येत होती. कपडे विकायला मनाई. ठरावीक सार्वजनिक विहिरींचं, तळ्यांचं पाणी घ्यायला मनाई. भाड्याच्या गाडीत बसायला मनाई.

म्हणजे बघा, रोग झाला की माणसाचा बाजारच बंद करायची सोय कायद्यात होती. पिकवलं तरी विकता येणार नाही. कायदा जिथे लागू नव्हता तिथेही लोकांच्या मनात तो लागूच होता.

रोगाचं खरं रूप काय? कुष्ठरोग एका जंतूमुळे होतो. नॉर्वेच्या हान्सेन या डॉक्टरांनी तो जंतू १८७३ साली शोधला. हा जंतू कातडीवर आणि नसांवर बसतो. नस गेली की त्या भागाची संवेदना जाते. चटका कळत नाही, काटा कळत नाही, फोड आला तरी दुखत नाही. जखम चिघळते, हाडापर्यंत जाते, बोटं आखडतात, झिजतात. लोक समजायचे, रोगाने बोटं गळतात. वेल्लोरच्या इस्पितळात काम करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४० च्या दशकाच्या शेवटी दाखवून दिलं, की बोटं जातात ती मुख्यतः न कळलेल्या जखमांमुळे. दुखणं हे शरीराचं राखणदार. ते राखणदार गेलं की वावर मोकळंच, कोणीही यावं आणि चरून जावं.

शेतीत तर जखमांना तोटाच नाही. आता अशा हातांनी शेती करायची!

दत्तपूर, तपोवन आणि मग आनंदवन

विदर्भात हे काम एकट्या माणसाने सुरू केलं असं नाही. वर्ध्याजवळ दत्तपूरला विनोबांचे सहकारी मनोहरजी दिवाण यांनी १९३६ साली कुष्ठधाम सुरू केलं. सेवाग्रामला गांधीजी परचुरे शास्त्रींची शुश्रूषा स्वतःच्या हाताने करत होते. अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ साली तपोवन उभं केलं. म्हणजे वऱ्हाड-वर्ध्याच्या या पट्ट्यात जमीन आधीच नांगरलेली होती.

मुरलीधर देवीदास आमटे, म्हणजे आपले बाबा आमटे, १९१४ साली हिंगणघाटला जन्मले. घर जमीनदाराचं, शिक्षण वकिलीचं. वरोऱ्याच्या नगरपालिकेत उपाध्यक्ष असताना सफाई कामगारांसोबत मैल्याची पाटी डोक्यावर घेणारा हा माणूस. तुळशीराम नावाचा शेवटच्या अवस्थेतला कुष्ठरोगी त्यांना रस्त्याच्या कडेला पावसात पडलेला दिसला, आणि बाबांना भीती वाटली. त्या भीतीचीच लाज वाटून ते या कामात पडले, हे त्यांनी स्वतः अनेकदा सांगितलंय. १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन झाली. कलकत्त्याला जाऊन त्यांनी कुष्ठरोगाच्या उपचाराचं शिक्षण घेतलं.

१९५१ साली सरकारने वरोऱ्याजवळ ५० एकर जमीन दिली. चांगली जमीन कोण देतं? झुडपी जंगल, दगडाच्या जुन्या खाणी, साप-विंचू. तिथे बाबा, साधनाताई, विकास आणि प्रकाश ही दोन लहान मुलं आणि ६ कुष्ठरोगी राहायला गेले. सोबत एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि खिशात १४ रुपये. उद्घाटनाला विनोबा आले होते.

पहिलं काम विहिरीचं. पाणी नाही तर काहीच नाही, हे तुम्हाला-मला सांगायची गरज नाही. खडक फोडायचा होता आणि फोडणारे हात कसले, तर आखडलेल्या बोटांचे, बधिर तळव्यांचे. आपल्यापैकी ज्यांनी मुरमात विहीर खोदलीय त्यांनी जरा कल्पना करावी. दोन्ही हात धड असताना आपले काय हाल होतात! कित्येक आठवडे खोदल्यावर पाणी लागलं.

पाणी लागल्यावर शेती उभी राहिली. दगड वेचले, धुरे घातले, जमीन वाहितीखाली आणली. धान्य झालं, भाजी झाली, गाईगुरं वाढली. दोन-तीन हंगामांत खाऊन उरेल एवढं पिकू लागलं.

भाजी कोणी घेईना

आणि इथे या इतिहासाचं मर्म आहे.

उरलेली भाजी आणि दूध वरोऱ्याच्या बाजारात न्यायचं ठरलं. गावात कोणी घेईना. कुष्ठरोग्याच्या हातची भाजी! हिरवीगार असेल, स्वस्त असेल, पण घरात कशी न्यायची?

विचार करा. विहीर खोदून झाली होती, माती सुधारली होती, पीक उभं होतं. बागकाम उपचाराच्या पुस्तकाप्रमाणे पाहिलं तर काम फत्ते. माणसं उघड्या हवेत होती, अंगमेहनत करत होती, रोप वाढताना बघत होती, जेवण चांगलं होतं. पण बाजारातून भरलेली पाटी परत आली की सगळं मातीमोल. वावरात शेतकरी झालेला माणूस बाजारात पुन्हा रोगीच ठरत होता. आपल्याला भाव पडल्याचं दुःख माहीत आहे. इथे भावाचा प्रश्नच नव्हता, मालाला हातच लागत नव्हता.

१९५४ च्या सुमारास सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संस्थेचे जवळपास ५० स्वयंसेवक आनंदवनात आले. ही संस्था पिएर सेरेसोल या स्विस माणसाने पहिल्या महायुद्धानंतर काढली होती. १९३४ च्या बिहार भूकंपानंतर तो स्वतः बिहारमध्ये येऊन राबला होता. तर हे देशोदेशीचे तरुण तीनेक महिने आनंदवनात राहिले, दवाखान्याच्या इमारती बांधल्या, रोग्यांसोबत उठले-बसले, जेवले. वरोऱ्याचे लोक ही गोरी माणसं काय करतात ते बघायला येऊ लागले. आले तेव्हा त्यांना शेती दिसली, स्वच्छता दिसली, आणि ही परदेशी पोरं इथलंच अन्न खातात हेही दिसलं. त्यानंतर हळूहळू भाजी विकली जाऊ लागली.

मला यात थोडी खंतही वाटते. आपल्या माणसाच्या हातची भाजी घ्यायला आपल्याला परदेशी माणसाने आधी खाऊन दाखवावी लागली. पण झालं ते चांगलंच झालं. १८९८ च्या कायद्याने जी गोष्ट नाकारायची सोय केली होती, म्हणजे खाण्याची वस्तू पिकवून विकणं, तीच गोष्ट वरोऱ्याच्या बाजारात उघडउघड होऊ लागली.

माझ्या मते आनंदवनातला सगळ्यात मोठा उपचार हाच. दवाखान्यात डॅप्सोनच्या गोळ्या जंतू मारत होत्या. मातीने अंगात बळ आणलं. पण 'मी भिकारी नाही, मी विकणारा आहे' हे माणसाला बाजाराने परत दिलं. दानाने माणूस खचतो आणि कामाने उभा राहतो, असं बाबा कायम मानत आले. मी एक शेतकरी म्हणून त्यात एवढंच जोडीन, की कामाचं मोल झालं पाहिजे. नाहीतर ते मघाचं मनोरुग्णालयाचं शेत होतं.

पुढे काय झालं

ज्यांच्या हातची भाजी नको होती त्यांनीच पुढे वरोऱ्याच्या पोरांसाठी कॉलेज उभारलं. आनंदनिकेतन महाविद्यालय १९६४ चं, आणि त्याच्या पाठोपाठ १९६५ साली कृषी महाविद्यालय. इमारतीच्या कामात कुष्ठमुक्तांचे हात होते. हे पान वाचणाऱ्यांमध्ये वरोऱ्याहून बीएस्सी ॲग्री झालेले काही जण नक्की असतील. मित्रांनो, तुमच्या वर्गाच्या भिंती कोणी बांधल्या ते विसरू नका.

१९६७ साली मूल तालुक्यात सोमनाथ सुरू झालं. धानाचा पट्टा, आजूबाजूला जंगल. कुष्ठमुक्त शेतकऱ्यांनी तिथे बंधारे, तळी, बांध्या करून धान पिकवला. दर उन्हाळ्यात तिथे तरुणांची श्रमसंस्कार छावणी भरू लागली. चांगल्या घरची पोरं कुदळ-फावडं धरायला शिकायला यायची. अंध मुलांची शाळा, मूकबधिर मुलांची शाळा, अपंगांसाठी हातकामाचं प्रशिक्षण, असं आनंदवन वाढत गेलं. बाबा स्वतः पाठीच्या कण्याच्या दुखण्याने बसू शकत नसत. एकतर उभे, नाहीतर आडवे. तो माणूसही शेवटची कित्येक वर्षं दिव्यांगच होता. ९ फेब्रुवारी २००८ ला ते गेले.

हात आणि अवजार

आता कामाची गोष्ट. संवेदना गेलेल्या हातांनी शेती करायची तर काय काळजी घ्यायची, हे कुष्ठसेवेच्या कामातून जे शिकायला मिळालं ते आपल्या कृषी विस्तारात फारसं आलंच नाही. थोडक्यात लिहितो:

१. संवेदना नसलेला माणूस अवजार गरजेपेक्षा जास्त जोरात धरतो, कारण किती जोर लागला ते कळत नाही. म्हणून मूठ जाड आणि मऊ हवी. विळा, खुरपं, फावडं यांच्या मुठीला कापड किंवा सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली तरी मोठा फरक पडतो. बोटं आखडली असतील तर अवजार पट्ट्याने हाताला अडकवता येतं.

२. एकच काम सलग दिवसभर नको. एकाच जागी दाब पडला की फोड येतो आणि कळत नाही. तासा-दोन तासांनी काम बदलायचं.

३. उन्हात पडलेलं लोखंड, चहाचा तापलेला पेला, इंजिनचा सायलेन्सर, या सगळ्यांपासून जपायचं.

४. रोज संध्याकाळी हात-पाय डोळ्यांनी तपासायचे. तळपाय दिसत नसेल तर आरसा, नाहीतर घरच्यांनी बघायचं.

५. अशा हातापायांना घाम येत नाही, कातडी कोरडी पडून भेगा जातात. पाव तास साध्या पाण्यात भिजवायचे आणि ओलसर असतानाच तेल लावायचं.

६. चप्पल आतून मऊ, बाहेरून टणक. कुष्ठरुग्णांसाठी एमसीआर रबराच्या खास चपला मिळतात. खिळे मारलेली चप्पल वापरायची नाही.

यातलं बरंचसं मधुमेहाने पाय बधिर झालेल्या आपल्या म्हाताऱ्या मंडळींनाही जसंच्या तसं लागू आहे.

आमच्याकडे निंदायला येणाऱ्या एक काकू कुष्ठमुक्त आहेत, उजव्या हाताची दोन बोटं आखडलेली. खुरप्याची मूठ जाड करून दिल्यापासून त्यांची ओळ मागे राहत नाही. मजुरी बाकीच्या बायांएवढीच, आणि दुपारची शिदोरी सगळ्यांसोबत एकाच झाडाखाली.

आज काय बदललं

१९८० च्या दशकात बहुविध औषधोपचार आला. तीन औषधं एकत्र, सहा महिने किंवा वर्षभर, सरकारी दवाखान्यात फुकट. उपचार सुरू झाला की रुग्णाकडून लागण होण्याचा धोका लवकरच जवळपास संपतो. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल, तिथे खाज नाही, दुखत नाही आणि टोचलेलं कळत नाही, तर वेळ न घालवता प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. लवकर गेलं तर बोट वाकडं होण्याची वेळच येत नाही.

१८९८ चा कायदा रद्द व्हायला २०१६ साल उजाडलं. स्वातंत्र्यानंतर जवळजवळ ७० वर्षं तो पुस्तकात राहिला. योगायोग असा, की त्याच वर्षी दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम झाला. त्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि कुष्ठमुक्त व्यक्ती त्यात आहे. या कायद्याचं कलम ३७ आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं असायला हवं. शेतजमीन आणि घरं वाटपाच्या संबंधित योजनांत दिव्यांगांसाठी ५ टक्के आरक्षण आहे, त्यातही दिव्यांग स्त्रियांना योग्य ते प्राधान्य. गरिबी निर्मूलनाच्या योजनांतही ५ टक्के. त्यासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. ग्रामसभेत हे कधी कोणी विचारलंय का? तुमच्या गावात विचारून बघा.

आणखी एक फरक आहे. १९५१ साली गावांनी माणसं बाहेर टाकली म्हणून बाबांना वेगळं गाव वसवावं लागलं. आज रोगी आपल्या घरी राहून बरा होतो. त्याच्यासाठी नवीन आनंदवन लागत नाही, त्याचं स्वतःचंच गाव पुरेसं आहे, गावाने ठरवलं तर. हीच गोष्ट अंध माणसाची, पाय गेलेल्याची, मनाने आजारी असलेल्याची. घरामागे दोन-अडीच फूट उंचीचा वाफा बांधला तर चाकाच्या खुर्चीतला माणूसही मेथी-पालक लावू शकतो. ओळीच्या कडेने दोरी बांधली तर न दिसणारा माणूस वाफ्यातून फिरू शकतो. खर्च फारसा नाही.

फक्त त्या वाफ्यातली भाजी विकायला ठेवा, आणि पैसे त्याच्याच हातात द्या. विरंगुळा म्हणून लावलेलं रोप चार दिवस बरं वाटायला लावतं. विकलेल्या जुडीचे दहा रुपये माणसाला पुढच्या हंगामाचा विचार करायला लावतात.

कृषी सहायक आणि कृषी विज्ञान केंद्रातल्या मित्रांना एक विनंती. पुढच्या शेतीशाळेची यादी करताना गावातल्या दिव्यांग कास्तकारांची नावं आधी लिहा. सातबारा त्यांच्याही नावावर आहे. बियाणं, अवजारं, अनुदान यांची माहिती त्यांच्यापर्यंत सगळ्यात शेवटी पोहोचते, कधी पोहोचतच नाही.

तुमच्या गावात असा कोणी शेतकरी असेल, त्याने स्वतःच्या सोयीने अवजारात काही बदल केला असेल, तर जरूर कळवा. त्याची हरकत नसेल तरच फोटो पाठवा. चांगली जुगाडं गोळा करून एक वेगळी नोंद टाकतो.

पाऊस उघडला की पुन्हा पऱ्हाटीकडे. बोंडअळीचे कामगंध सापळे लावायचे राहिलेत.